बेटावर यायचंय ना? मग आधी तिथी बघ

मालवण

प्रिय पक्या,

तुझं पत्र आणि वहिनींनी पाठवलेला फराळ एकाच दिवशी मिळाला. वहिनींना सांग, कडबोळी आईला फार आवडली.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. तुम्ही चौघांनी डिसेंबरात बेटावर जायचं ठरवलंय, हातात माणशी दहा हजार आहेत, अंदमानचा हिशोब मांडून बघितलास आणि नुसत्या विमानाच्या तिकिटालाच बजेट संपलं. श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, उतरून पुढे स्वराज द्वीपला, म्हणजे आपल्या जुन्या हॅवलॉकला, जायचं तर बोटीचं भाडं वेगळंच. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो आणि तेही स्वस्त नाही. मग कुणा एजंटने तुला मालवणचं पॅकेज दिलं: स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड, डॉल्फिन, किल्ला, सगळं दोन दिवसांत. आणि तू मला विचारतोयस, घेऊ का?

मालवणला ये, पण ते पॅकेज घेऊ नकोस. कारण सांगतो. त्यातल्या एकेका राइडला तुझ्या वाट्याला काही मिनिटं येतात. पाच राइड म्हणजे पाच वेळा रांग, पाच वेळा ओलं लाइफ जॅकेट, आणि समुद्र काही दिसत नाही. तुझ्याकडे पैसा थोडा आहे, तर तो एकाच गोष्टीवर नीट घाल: पाण्याखाली जितका जास्त वेळ मिळेल तितका घे. बाकीचं धाडस इथे फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतं, फक्त योग्य तिथीला यायला हवं.

तिथी म्हणजे भरती-सुकतीचं गणित; सुकती म्हणजे ओहोटी. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतात. तिथीचा आकडा ३ ने गुणायचा, ४ ने भागायचा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. तिथून सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण सुकती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, तळाची माती ढवळून निघते आणि पाण्याखाली हातभर अंतरावरचं दिसत नाही. अष्टमीपासून एकादशीपर्यंत भांगाचं पाणी, ओढ कमी, गढूळपणा कमी. पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवार बघून येतात आणि उधाणात स्कूबा करून ‘मालवणला काही दिसत नाही’ म्हणत परत जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आमच्या समुद्रात काय आहे ते मी बघितलंय.

म्हणून माझं म्हणणं, मार्गशीर्ष वद्य नवमीला इथे उतरा आणि द्वादशीला निघा. दशमीला सकाळी साडेसातला भरती, म्हणजे आठच्या सुमाराला पाणी भरलेलं आणि जवळजवळ थांबलेलं, वाराही अजून उठलेला नसतो. पाण्यात जायला यापेक्षा चांगली वेळ नाही. वद्य पक्ष एवढ्यासाठी की चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, संध्याकाळ काळोखी. थंडीत कधीकधी लाटा फुटताना निळ्या चमकतात, त्या काळोखातच दिसतात. दिसतीलच अशी खात्री देत नाही, पण पौर्णिमेला आलात तर नाहीच दिसणार. शिवाय नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आधी खोल्यांचे भाव माणसात असतात. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत तर चुकूनही येऊ नका. देवीचा कौल होऊन तारीख जाहीर झाली की कोकण रेल्वेची तिकिटं बघता बघता संपतात.

स्कूबाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरा पैसा इथेच जाणार आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे होतं ते पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठीचं. प्रशिक्षक तुमच्या पाठीशी, टाकी त्याने धरलेली, खोली फार नाही. पोहता येत नसलं तरी चालतं, त्यामुळे वहिनींनी घाबरू नये. भीती पाण्याची नसते, तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते, तिची असते. आदल्या दिवशी संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात मी तुम्हाला मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायला शिकवीन, त्याला एक पैसा लागत नाही. कानात दडे बसायला लागले की नाक चिमटीत धरून हळू हवा दाबायची, आणि दुखायची वाट न बघता आधीच दाबायची. सर्दी असेल त्याने उतरायचं नाही. तुझ्या धाकट्याला लहानपणी दमा होता ना? त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. त्याच्यासाठी मी दुसरं ठरवलंय, पुढे लिहितो.

ठरवताना होडीवाल्याला तीनच गोष्टी विचार: एका प्रशिक्षकामागे माणसं किती, प्रत्यक्ष पाण्याखाली मिनिटं किती, आणि व्हिडिओ नको असेल तर पैसे कमी होतात का. जो ‘मिनिटांचं नंतर बघू’ म्हणेल त्याला सोडून पुढे जा. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे आधी पोहण्याच्या तलावात सराव करून घेतात आणि मग समुद्रात नेतात. थोडे पैसे जास्त जातात, पण तुझ्यासारख्याला जर पुढेमागे अंदमानला जाऊन खोल उतरायचंच असेल, तर सुरुवात तिथूनच कर.

खाली काय दिसतं, विचारशील. किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला खडकांवर प्रवाळ आहे. पहिल्यांदा नुसता दगड वाटतो. मग जवळ गेलास की त्याच्यावर अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या दिसतात, आणि त्या वळ्यांत बोटाच्या पेराएवढे मासे आत-बाहेर करत असतात. आपण हललो की सगळे एकदम आत. दोन-तीन श्वास स्थिर राहिलं की एकेक बाहेर येतो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे मात्र धीट, ते तोंडासमोर येऊन थांबतात. पोपट मासा खडक कुरतडतो त्याचा करकर आवाज पाण्यात ऐकू येतो, कान देऊन ऐक. हा सगळा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालाय. इतक्या वर्षांनी सुद्धा लोक प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात, मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकतात. तुमच्या होडीत कुणी पाव काढला तर स्पष्ट नको म्हण. पायाखाली मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात रे.

कोल्हापूरचा मेहुणा बाइकने येणार म्हणालास. त्याला बजावून सांग, पाण्याखाली गेल्याच्या दिवशी लगेच गगनबावड्याचा घाट चढायचा नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो, उंचावर हवेचा दाब कमी होतो. उथळ पाण्यात धोका कमीच, पण रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी निघण्यात त्याचं काय जातं?

आता फुकटातलं. धाकट्याला मी पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापणीला नेणार. होडी अर्धगोल वळसा घेत जाळं टाकत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत माणसं ते ओढत मागे मागे सरकत जातात. सगळ्यात मागचा माणूस दोर सोडतो, धावत पाण्याजवळ येतो आणि पुन्हा पुढून धरतो. असं तासभर तरी चालतं. विचारून दोराला हात लावायचा, कुणी नाही म्हणत नाही. पहिल्या दहा मिनिटांत तळहात सोलतात आणि पाय वाळूत रुततात. जाळं जवळ आलं की पाणी चमचमायला लागतं, आणि मग एकदम ओरडा सुरू होतो. नशीब असेल तर बांगडे, नाहीतर पेडवे. दोर ओढणाऱ्याला वाटा देण्याची रीत आहे. धाकट्याने स्वतः ओढलेला बांगडा आई दुपारी तळून वाढेल. जेट स्कीवरून उतरलेल्या कुणाला ही भूक लागलेली मी बघितलेली नाही.

सिंधुदुर्ग तर हवाच. कुरटे बेटावर १६६४ मध्ये महाराजांनी काम सुरू केलं. बेट सुमारे ४८ एकरांचं, आणि तटाची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर. मालवण जेटीवरून होडी जाते, ती साधारण तासाभराने परत बोलावते आणि माणसं शिवराजेश्वराचं देऊळ बघून धावत सुटतात. मी होडीवाल्याशी बोलून दुपारच्या शेवटच्या फेरीने परतायचं ठरवतो. तटावरून पूर्ण फेरी मारू. जिथे तट ढासळलाय तिथे जपून, हात टेकत जावं लागतं. खारट समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तो सावकाश बघ. पद्मगडापर्यंत पायी जाता येतं, पण त्याला मोठी सुकती लागते, म्हणजे उधाणाचे दिवस. तेव्हा या खेपेला पद्मगड सोडावा लागेल. एकाच फेरीत दोन्ही साधत नाही.

देवबागला एसटीने जाऊ. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, वहिनींचा तेवढाच फायदा. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ते सुनामी बेट. वाळूचाच उंचवटा तो, भरतीला पाण्याखाली जातो. दशमीला दीड-पावणेदोनला सुकती, त्याआधी थोडं पोचलो तर पायाखाली वाळू मिळेल. सगळ्या राइड तिथेच असतात. मेहुण्याला हौस असेल तर एक कर म्हणावं, एकच. आपण कयाक घेऊन खाडीत वर जाऊ. डॉल्फिन बघायचे तर सकाळी लवकर, आणि पाठलाग करणाऱ्या होडीत बसायचं नाही. निवतीच्या रॉकपर्यंत जायची माझीही फार इच्छा आहे, दीपगृह आणि पाकोळी पक्ष्यांच्या गुहा आहेत तिथे, पण अख्खी होडी भाड्याने घ्यावी लागते. चौघांत नाही परवडत. वेळ उरला तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नसतो म्हणून खंड्या उडून जात नाही. तिथे दिलेला पैसा थेट त्यांच्या हातात पडतो, हे मला आवडतं.

एका ठिकाणी पैसे वाचवायचे नाहीत, आणि हे मी कळकळीने लिहितोय. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी बुडाली आणि दोन पर्यटक गेले. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे बांधलेले, होडीत माणसं क्षमतेएवढीच. यातलं एक जरी नसलं तरी आपण बसायचं नाही, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. वहिनींसमोर तू भिडेपोटी गप्प बसशील, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

राहायचं माझ्याकडे म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. चिवल्याला एका घरगुती ठिकाणी दोन खोल्या बोलून ठेवल्यात, पाठीमागे माड आणि समोर किनारा, एसी नाही. डिसेंबरात लागतही नाही. जेवायला खानावळीत पापलेट-सुरमईच्या नादी लागू नका, बांगड्याची थाळी घ्या. ताज्या बांगड्याला तोड नाही आणि पैसेही निम्म्यावर येतात.

रात्री ठाण्याला कोकणकन्येत किंवा तुतारीत बसलात की सकाळी कुडाळ. तिथून एसटी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ते उघडलेलंच आहे, आज रात्रीच बघ. परतीचंही त्याच वेळी काढ. तिकिटं हातात आली की लगेच कळव. मग मी होडीवाल्याला दशमीची सकाळ धरायला सांगतो आणि रापणवाल्यांच्या कानावर घालतो. धाकट्याचं डॉक्टरांकडे जाणं तेवढं या आठवड्यात उरकून घे. येताना सगळ्यांनी जुने कॅनव्हासचे बूट आणा, खडकावर कालवं पाय कापतात.

तुझा,
बाबू