मृत्युपत्र पुण्याचं, अट मुंबईची

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

घर कसब्यातलं, मृत्युपत्र पुण्यातच केलेलं, करणारा हिंदू. तरी मिळकत पत्रिकेला (शहरातल्या जागेच्या सरकारी नोंदीला) नाव लावायला गेलेल्या वारसाला ‘आधी प्रोबेट आणा’, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला आणा, असं सांगितलं जातं. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने ही सक्ती मुंबई आणि मद्रास ही शहरं आणि तेव्हाचा बंगाल यांपुरती घातली होती; 2025 मध्ये तीही रद्द झाली. पुण्यातल्या अशा मृत्युपत्राला ती कधी लागूच नव्हती. मागणी तोंडी असते, म्हणून तिच्यावर अपीलही करता येत नाही.

मग दिवाणी न्यायालय. अर्ज, मालमत्तेची यादी आणि किंमत, इतर वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. एखादा वारस परदेशात असला की नोटीस बजावण्यातच तारखा जातात. खरं गाडं अडतं ते साक्षीदारापाशी. मृत्युपत्रावर सह्या करणारे दोघे बहुधा करणाऱ्याच्याच वयाचे, शेजारचे किंवा कट्ट्यावरचे मित्र; तोवर ते हयात असतीलच असं नाही. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी ही साक्ष चुकत नाही.

मृत्युपत्र नसेल तर घोळ निराळा. ठेवी आणि शेअर्सना सक्सेशन सर्टिफिकेट लागतं. ते घरा-जमिनीला चालत नाही. तिथे 1827 च्या रेग्युलेशनखालचा (जुन्या मुंबई इलाख्याच्या कायद्याखालचा) कोर्टाचा वारस दाखला. पहिला कागद हातात पडल्यावरच अनेकांना दुसऱ्याचं नाव कळतं. सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेते. तो स्वतःला मालक समजू लागला की भांडण कोर्टात गेलंच म्हणायचं.

त्या मानाने सातबाऱ्याची वाट सरळ आहे. तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी, नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. अडते ती दोन कारणांनी: मृत्यू दाखल्यावरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नाही, किंवा लग्न झालेल्या मुलीचं नाव सोयीस्करपणे ‘राहून’ जातं. 2025 च्या जिवंत सातबारा मोहिमेत आपण हीच वाट गावोगाव वापरली.

शहरातल्या मिळकत पत्रिकांसाठीही ती वापरा. कायद्याने प्रोबेटची सक्ती नसताना ते मागू नये, आणि नोंद नाकारायची तर कारण लेखी द्यावं, असं परिपत्रक नगर भूमापन कार्यालयांना काढा. त्याच मृताची वारस नोंद 6-क ला मंजूर झाली असेल, तर मिळकत पत्रिकेसाठी वारस पुन्हा सिद्ध करायला लावू नका. दोन्ही दप्तरं आपल्याच खात्याची आहेत, आणि जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय तर पुण्यातच आहे.

आपले,
मृत्युपत्रं आणि वारस नोंदींची कामं करणारे पुण्यातील काही वकील