गॅसच्या फ्रीजला धूर जायला वाटही लागते

मा. संपादक,

विजेशिवाय, सिलेंडरमधला प्रोपेन गॅस जाळून चालणाऱ्या फ्रीजवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला, विषय छान निवडलाय, पण बसवायचा भाग म्हणजे सिलेंडर जोडा, बर्नर पेटवा आणि झालं एवढ्यावरच उरकलाय. ते वाचून कोणी खरंच तसंच करायला गेलं तर अवघड आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक घोळ. हल्ली विजेवरच्या काही फ्रीजवरही प्रोपेन किंवा आर-२९० (प्रोपेनचंच दुसरं नाव) असं लिहिलेलं असतं, पण तिथे तो गॅस थंड करायला बंद पाइपात भरलेला असतो, तो जळत नाही. आपण बोलतोय ते फ्रीज वेगळे. यात खाली खरोखरची ज्योत असते, तिच्या उष्णतेने आतलं अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं, अमोनिया वाफ होऊन वर जातो, पुन्हा द्रव होतो आणि मग हायड्रोजनच्या सोबतीत बाष्पीभवन होताना आतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, आवाज नाही. १९२२ मध्ये स्टॉकहोमला फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे काढलं आणि तत्त्व आजही तेच आहे.

म्हणजे तुम्ही घरात फ्रीज नाही, एक छोटी शेगडी बसवताय, जी रात्री तुम्ही झोपल्यावरही जळणार आहे. लोक सगळी काळजी गॅस लीकची करतात आणि ती करायलाच हवी, पण जळून झाल्यावर जे बाहेर पडतं त्याचा विचार कोणी करत नाही. बर्नरला हवा कमी पडली किंवा धुराडं तुंबलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. प्रोपेनमध्ये निदान मुद्दाम वास घातलेला असतो, इथे नाकाचा काही उपयोग नाही. अमेरिकेत सर्व्हेल नावाचे १९३३ ते १९५७ दरम्यान बनलेले गॅस फ्रीज होते, त्यांच्यामुळे या विषारी वायूने माणसं दगावली आणि तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला ते वापरू नका म्हणून सांगावं लागलं. त्यामुळे जुना फ्रीज फुकट मिळतोय म्हणून उचलून आणणाऱ्यांनी जरा थांबावं.

मग करायचं काय, तर फ्रीजच्या मागे, बाजूला आणि वर कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडायचीच, छान दिसतं म्हणून कपाटात कोंबायचा नाही. खालून ताजी हवा आत यायला आणि वरून गरम हवा निघायला वाट ठेवायची, आणि ज्या मॉडेलला धूर बाहेर नेणारा पाइप सांगितलाय त्याला तो लावायचाच, खिडकी उघडी ठेवतो हे त्याचं उत्तर नाही. बेडरूममध्ये तर नकोच. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि गॅस लीकचा डिटेक्टर वेगळा, तो जमिनीजवळ लावायचा कारण प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड असतो आणि खाली साचतो. त्याच कारणाने सिलेंडर बाहेर मोकळ्यावर, उभा ठेवायचा, तळघरात किंवा खड्ड्यापाशी अजिबात नाही.

जोडणी माहितगार गॅस फिटरकडूनच करून घ्या, तरी काय बघायचं ते माहीत असू द्या. फ्रीजच्या पाटीवर किती दाब लागतो ते लिहिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ११ इंच उंच पाण्याच्या दाबाइतका म्हणजे २८ मिलीबारच्या आसपास, काहींना ३० किंवा ३७, रेग्युलेटर तोच हवा, मोठ्या भट्टीचा हाय प्रेशरवाला नको. नॅचरल गॅसचा जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक, तोही चालत नाही, कारण तेवढ्याच प्रोपेनमध्ये उष्णता अडीच पट असते. फ्लेअर फिटिंगवर, म्हणजे पाइपाचं तोंड पसरवून बसवलेल्या जोडावर, टेफलॉन टेप गुंडाळणारे भेटतात (मला तरी हे बघून राग येतो), तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं. सगळं जोडलं की प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी, बुडबुडे आले तर बंद करून पुन्हा, काडी लावून तपासणं कधीच नाही.

आणि फ्रीज लेव्हलमध्ये पाहिजे. आतलं सगळं गुरुत्वाकर्षणावर वाहतं, तिरका राहिला तर द्रव एका जागी अडकतो आणि बॉयलर, म्हणजे ज्योतीवरचा मिश्रण तापवणारा भाग, उगाच तापत राहून कायमचा बिघडू शकतो. आडवा करून आणला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा आणि मगच पेटवा. पहिल्यांदा पाइपात हवा असते म्हणून लगेच पेटत नाही, धीर धरा, नीट गार व्हायला दिवसभर लागू शकतो. ज्योत निळी आणि स्थिर हवी, पिवळी झाली किंवा काजळी दिसली तर बंद. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, ते साफ करायला जेटमध्ये तार मात्र घालू नका, भोक मोठं झालं की सगळं गणितच बिघडतं. मागच्या पाइपांवर पिवळी पूड किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर बर्नर बंद करून खिडक्या उघडा आणि बाहेर पडा, तो दुरुस्त करत बसायचा नसतो.

पुढचा भाग काढणार असाल तर फिरत्या गाड्यांमधल्या फ्रीजबद्दल वेगळं लिहा, तिथे बर्नरची जागा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद करून हवा आणि धूर दोन्ही बाहेरच्या जाळीतूनच न्यावे लागतात, आणि गाडी चालू असताना, निदान पेट्रोल भरायच्या आधी तरी, गॅस बंद करायचा असतो, हे लेखात कुठेच आलं नव्हतं.

आपला,
एक वाचक