शेक संपले तरी

प्रिय विन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. राग धरला असशील तर धर. कॅरमच्या राणीवरून तू वर्षभर बोलला नव्हतास, त्यापुढे हे काहीच नाही. माझं बरं आहे, गुडघा कुरकुरतो.

तू लिहितोस, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेतल्यानंतर ताठरता पहिलं वर्ष ठीक होती, आता उतरत चाललीय. म्हणजे आजार परतला असेल, असं तुला वाटतं. अरे, आजार परतला की नाही ते रक्तातली पीएसएची तपासणी सांगते, ताठरता नव्हे! ऑपरेशनमध्ये नसा दुखावतात, म्हणून ताठरता लगेच जाते आणि काहींची हळूहळू परतते. शेकांचं उलटं. लिंगाला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्यांचं अस्तर खराब होतं, लवचिक स्नायूंच्या जागी कडक तंतू येतात. याला दोन-तीन वर्षं लागतात, पुढेही ते चालू राहतं. म्हणून ते पहिलं वर्ष फसवं. त्यात तुझी साखर आणि सिगारेट. (सोडलीस म्हणे. सुध्या वेगळंच सांगतो.)

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दाबणाऱ्या इंजेक्शनचा हिशेब निराळा. त्याने इच्छाच मरते आणि शेवटच्या डोसचा असर ओसरल्यावरही टेस्टोस्टेरॉन वर यायला कित्येक महिने जातात, आपल्या वयात कधी वर्षाहून जास्त. इच्छा आहे पण अंग साथ देत नाही, की इच्छाच नाही, हे डॉक्टरांना नेमकं सांग. दोन्हींचे उपाय वेगळे. टेस्टोस्टेरॉन मनाने मात्र घ्यायचं नाही.

आता गोळी. 'घेतली, काही झालं नाही' म्हणतोस. जेवून घेतली असणार! सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, तासभर आधी. तेलकट जेवणावर असर उशिरा येतो, कमीही येतो. शिवाय गोळी घेऊन नुसतं वाट बघत बसून भागत नाही, स्पर्श लागतो. सुरुवात साधारण 50 मि.ग्रॅ.ने, गरज पडली तर डॉक्टर 100 करतात. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही; 10 किंवा 20 मि.ग्रॅ., असर 36 तासांपर्यंत. नीट सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय निकाल देऊ नकोस. आणि 'शेक चालू असतानाच का नाही घेतली' हे उगाळणं बंद कर. रोज 5 मि.ग्रॅ. टाडालाफिल देऊन पाहिलेल्या चाचणीचे निकाल 2014 साली आले. बिघाड टळला नाही.

गोळीने भागलं नाही तर पंप. हस, हस! सायकलच्या पंपावरून आपण किती भांडलो. याचं काम उलटं, हा हवा काढतो. पाण्यातलं जेल लावायचं, नळी अंगाला घट्ट टेकवायची, हवा हळूहळू काढायची. घाई केली की दुखतं, लाल ठिपके येतात. मग मुळाशी रिंग, आणि ती 30 मिनिटांच्या आत काढायचीच. लिंग जरा गार लागतं, मुळाशी डुलतं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून पंप माळ्यावर जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारून घे.

त्यापुढे ताठरता आणणारं इंजेक्शन. लिंगाच्या कडेला द्यायचं, वरच्या किंवा खालच्या बाजूला नाही. पहिला डोस दवाखान्यातच. ताठरता 4 तासांपेक्षा टिकली तर तडक कॅज्युअल्टी गाठायची, लाजून सकाळची वाट पाहिली तर कायमचं नुकसान. सगळ्याच्या शेवटी इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आत बसवायचं साधन.

वीर्य कमी येतं किंवा येतच नाही, कारण ते बनवणाऱ्या ग्रंथीच सुकतात. सुख तरीही मिळतं. हे वहिनींना सांग, आणि तुझे शेक बाहेरून होते, त्यामुळे त्यांना किरणांची भीती नाही हेही. तू गप्प बसलास की त्या भलतंच समजतात.

मुलीच्या नोकरीचं कळलं, फार छान. घराच्या कामाचं काय झालं?

तुझा,
बाळ्या

ता. क. सॉर्बिट्रेट किंवा हृदयाची कुठलीही नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल अजिबात नाही. रक्तदाब धाडकन खाली येतो. लघवीसाठीची टॅम्सुलोसिनही डॉक्टरांना दाखव, मग डोस कमीपासून सुरू करतात. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखलंच, तर कुठली आणि किती वाजता घेतली ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.