पांढरी माजोरडी नाही, आई

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस, शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू पांढरीला जो शिव्यांचा प्रसाद दिलास, तो ऐकून हसले आणि मग जरा वाईट वाटलं. "हाका मारून घसा सुकला, पण ढिम्म हलत नाही, माज आलाय!" अगं, त्या मांजरीला ऐकूच येत नाही.

दिवाळीत घरी होते तेव्हाच शंका आली होती. तू कुकर लावला होतास, ती ओट्याखाली पोत्यावर झोपलेली. तीन शिट्ट्या झाल्या, तिचा कानसुद्धा हलला नाही. मग बाबांनी पाट सरकवला आणि ती ताडकन उठली. फरशीची थरथर पोटाला लागली असणार. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाठीमागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. काही नाही. पुढून दाखवला तर झेप.

बाबा, रंकाळ्यावरून पिल्लू आणलंत तेव्हा "ताटात तांबडा, मांडीवर पांढरी" म्हणून मिरवलंत. तो शुभ्र रंग, ते निळे डोळे आणि हे बहिरेपण, तिन्हींचा उगम एकच, किट नावाचं एक जनुक. पांढऱ्या मांजरांच्या या जनुकात कुठल्याशा जुन्या विषाणूचा तुकडा घुसून बसलेला असतो. रंग बनवणाऱ्या पेशी पिल्लू पोटात असताना पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात. त्या तुकड्यामुळे त्या पेशी टिकत नाहीत, पोचत नाहीत. कातडीत नाहीत म्हणून केस पांढरे, बुबुळात नाहीत म्हणून डोळे निळे.

आता कानात रंगाचं काय काम, असं तू विचारशीलच. कानात त्या रंगासाठी नसतातच. आतल्या गोगलगायीसारख्या नळीत जो द्रव असतो, त्यातलं पोटॅशियम राखायचं काम त्या करतात. त्या नसल्या की जन्मानंतर काही आठवड्यांतच आतला कान सुकत जातो. आपल्या गल्लीत पाणी सोडणारा माणूसच पेपर टाकायचा, आठवतं? तो जोतिबाच्या यात्रेला गेला की नळही कोरडा आणि बाबांचा पेपरही बंद. नळाचा आणि पेपरचा एरवी काय संबंध?

एकाच जनुकाचे असे एकमेकांशी संबंध न दिसणारे अनेक परिणाम होतात, याला प्लायोट्रॉपी म्हणतात. शब्द १९१० सालचा, लुडविग प्लाटे या जर्मन शास्त्रज्ञाचा. पण गोष्ट आधीच दिसली होती. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरचा निबंध छापला, त्यात त्याने नोंदवलंय की जांभळ्या फुलाच्या झाडाच्या बियांची सालही करडी-तपकिरी असते आणि पानाच्या बेचक्यात तांबूस डाग असतो. पांढऱ्या फुलाच्या झाडाला यातलं काहीच नाही. डार्विनने तर १८५९ मध्ये निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरीच असतात, असं ठोकून दिलं होतं. नंतरच्या आवृत्त्यांत त्याला ते सौम्य करावं लागलं. कारण सगळी पांढरी मांजरं बहिरी नसतात. दोन्ही डोळे निळे असले की शक्यता सर्वांत जास्त. एकच निळा असेल तर बऱ्याचदा त्याच बाजूचा कान गेलेला असतो. तेच जनुक असूनही कुणात किती पेशी पोचतील याचा नेम नसतो. मला तरी या सगळ्यात हेच सर्वांत गमतीचं वाटतं.

तेव्हा तिला रस्त्यावर सोडू नका. पेठेतल्या गाड्या हॉर्नवर चालतात, आणि तिला हॉर्न नाही. बोलवायचं तर पाय आपटा, नाहीतर दिवा चालू-बंद करा. झोपेत मागून हात लावू नका, दचकून ओरबाडेल.

आणि बाबा, तुमचं बहिरेपण मात्र जनुकावर ढकलता यायचं नाही. उद्यमनगरात तीस वर्षं पॉवर प्रेसशेजारी उभं राहिलात, कानात कापसाचा बोळाही न घालता. आवाजाने आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. म्हणजे बिघाडाची जागा तुमची आणि पांढरीची एकच, ती गोगलगायीची नळी. फरक एवढाच की तिच्यासाठी कानाचं मशीन नाही. तुमचं ड्रॉवरमध्ये टॉर्चच्या जुन्या सेलांशेजारी पडलंय. "त्यात सगळंच ओरडतंय" म्हणता, पण इतकी वर्षं शांततेची सवय झालेल्या डोक्याला पहिले काही आठवडे तसंच वाटतं. रोज तासभर तरी लावा. आईला दिवसभर दोघांवर ओरडावं लागतं, तिच्या घशाचा विचार करा.

शनिवारी रात्रीच्या एसटीने येते. बेल वाजवून उपयोग नाही हे कळलंय. आई, तू तेवढी जागी राहा.

तुमची,
ताई