आधी ताप, मग बाकी सगळं

प्रिय वैशाली,

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात रुजू झालीस आणि घरच्यांना संसर्गाची काळजी शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. माझ्या मते तापापासून.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेल्या की पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही. कित्येकदा ताप ही एकच खूण उरते. म्हणून १००.४ फॅरनहाइट दिसलं की फोन करून निघायचं, मध्यरात्र असली तरी. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. त्यानं ताप दबतो, संसर्ग नाही. थर्मामीटर गुदद्वारात कधीच लावायचा नाही, हेही सांग.

पण नुसतं सांगून भागत नाही गं. थर्मामीटर आईच्या हातात दे, आकडा तिला वाचू दे आणि विचार, "रात्री दोनला एवढा ताप दिसला तर पहिलं काय कराल?" पुष्कळजणी म्हणतात, "तापाचं औषध देऊ." खरं शिकवणं तिथून सुरू होतं. हाच प्रश्न बाबांना आणि आजीलाही विचार; त्या रात्री मुलापाशी कोण असेल, काय सांगावं!

हात धुणं करूनच दाखव. साबणाने २० सेकंद. अंगठे आणि नखांच्या कडा हमखास सुटतात. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नये, साबण-पाणीच हवं.

भावंडांच्या लसींचा विषय राहून जातो, तो काढच. उपचार चालू असलेल्या मुलाला जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची) नाही, पण भावंडांना गोवराची द्यायची. पोलिओचे थेंब मात्र घरात कुणालाच नकोत, इंजेक्शन घ्यावं. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं.

खाण्याबद्दल नीट शिजवलेलं अन्न, धुतलेली फळं, कच्चं दूध नको, इतकं पुरे. यादी वाढवलीस तर माणसं धास्तावतात आणि लेकराला कुणी जवळसुद्धा घेईनासं होतं. त्याला माया हवी असते त्याच दिवसांत.

आणखी एक, हे पहिल्याच दिवशी सांग: बरेचसे संसर्ग मुलाच्या स्वतःच्या आतड्यातल्या, त्वचेवरच्या जंतूंमुळे होतात. घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी ताप येऊ शकतो. हे आधी ऐकलेली आई स्वतःला दोष देत बसत नाही आणि फोन करायला कचरत नाही.

तुमच्याकडच्या आया काय काय विचारतात ते सविस्तर लिही.

तुझी,
मीना