कोमटपणाचं निदानच चुकतंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की मंडळ्यांमधून (चर्चमधून) ‘आत्मिक सुस्ती झटकून टाका’ असं सांगितलं जातं आणि उपाय म्हणून बहुधा श्रद्धा पुन्हा चेतवणाऱ्या उज्जीवन सभा ठेवल्या जातात. तीन दिवस गाणी, अश्रू, नवे संकल्प. पंधरवड्यात पुन्हा जैसे थे. सभांना विरोध नाही. पण रोगाचं निदान चुकतंय, असं वाटतं.

बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं, लावदिकीया (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन शहर) इथल्या मंडळीला लिहिलेलं पत्र अशा वेळी हमखास वाचलं जातं. ‘तू उष्ण नाहीस, थंडही नाहीस, कोमट आहेस’ असं प्रभू त्यात तिला सुनावतो. ‘उष्ण’ म्हणजे आवेशी आणि ‘थंड’ म्हणजे अविश्वासी, असा त्याचा अर्थ सर्रास सांगतात. मग प्रभू ‘तू थंड असतास तरी बरं होतं’ असं कशाला म्हणेल? तिथला भूगोल पाहिला की कोडं सुटतं. साधारण 10 किलोमीटरवर हेरापलीचे गरम झरे, पलीकडे कलस्सैचं गार पाणी. लावदिकीयाचं पाणी मात्र लांबून नळांतून यायचं. गरम पाण्याने अंग शेकतं, गार पाण्याने तहान भागते, कोमट पाणी दोन्ही कामांतून गेलेलं. शिवाय शहर श्रीमंत होतं. इ. स. 60च्या भूकंपानंतर ते रोमच्या मदतीवाचून स्वतःच्या पैशांवर उभं राहिलं, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. ‘मला काही उणे नाही’ हे त्या मंडळीचं बोलणं त्याच तोऱ्यातलं. तिची भावना ओसरली, अशी तक्रार त्या पत्रात कुठेच नाही. तिला गरज वाटेनाशी झाली, ही तक्रार आहे.

ही गरज जाणवायला रोजचं आत्मपरीक्षण फार उपयोगी पडतं. लोयोलाचा इग्नेशियस या ख्रिस्ती संताने सोळाव्या शतकात त्याच्या पाच पायऱ्या घालून दिल्या: देवाचे उपकार मानणं, आपली पापं दिसावीत म्हणून कृपा मागणं, दिवस तासातासाने तपासणं, क्षमा मागणं, सुधारण्याचा निश्चय करणं. 15 मिनिटं पुरतात. गाडं अडतं ते तिसऱ्या पायरीवर. ‘मी गर्विष्ठ आहे’ असं मोघम म्हणून माणूस मोकळा होतो. ‘दुपारी सहकाऱ्याचं बोलणं मी मध्येच तोडलं’ इथपर्यंत येत नाही. मोघम पापाची क्षमाही मोघमच मागितली जाते. काही जण पहिली पायरी गाळतात. मग परीक्षणाचं कोर्ट होतं, आणि कोर्टात रोज स्वखुशीने कोण जाईल?

दुसरी चूक मापाची. उत्साहाच्या भरात रोज चार अध्याय आणि तासभर प्रार्थना ठरते, आठवड्यात मोडते आणि अपराधी वाटून पवित्र शास्त्र उघडणंच थांबतं. मार्काच्या शुभवर्तमानाचे (येशूच्या चरित्राचे) 16 अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय, तोही मोठ्याने वाचला, तर 32 दिवसांत ते पूर्ण होतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नये. थकबाकी साचली की तिचं ओझं होतं. मात्र ठरलेली वेळ कंटाळ्यापोटी कमी करू नये. उठावंसं वाटलं तर उलट थोडं जास्तच बसावं, हाही इग्नेशियसचाच सल्ला. मन कोरडं असताना आधीचे निर्णय फिरवू नयेत, असंही तो बजावतो.

सुस्त माणूस रिकामा बसलेला असतो, हा आणखी एक गैरसमज. पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियन या ख्रिस्ती साधूने मठवासीयांच्या सुस्तीचं वर्णन केलं आहे: सुस्तीने ग्रासलेल्या माणसाला आपल्या खोलीत बसवत नाही, आणि आजाऱ्यांच्या भेटी, बंधूंची विचारपूस अशी पुण्यकर्मं तेव्हाच सुचतात. कमिटी, गायनवृंद, वार्षिक सणाची तयारी यांत बुडालेल्या आपल्या सेवकांनी हे वर्णन जरूर वाचावं. सेवा सोडू नये, पण ती प्रार्थनेच्या वेळेवर बेतते आहे का, एवढं पाहावं.

एक सावधगिरी मात्र पाळकांनी (धर्मगुरूंनी) घ्यायला हवी. प्रत्येक मरगळ ही सुस्ती नसते. झोप उडालेली, भूक मेलेली, आवडत्या कामातही रस उरलेला नाही, अशा माणसाला पश्चात्ताप करायला सांगणं क्रूर आहे. त्याला डॉक्टरकडे न्यावं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग उठवून परत खायला लावलं. होरेब या देवाच्या डोंगराची वाट त्यानंतरची.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक