आत्याआजीची माणसं

नागपूर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

हे फोनवरच सांगितलं असतं, पण बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं दादा स्वतःच्या मनाने सांगतो. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुमच्या आत्याची माणसं सापडली. राजनांदगावला आहेत.

आत्याआजी चांद्याकडे (चंद्रपूरकडे) दिली होती असं आपल्याकडे सगळेच सांगतात, काकासुद्धा. मला ते कधी पटलं नाही. ती माहेरी आली की ठेठरी-खुरमी आणायची, हे तुम्हीच सांगता ना? हा फराळ छत्तीसगडचा. पण ठेठरीवरून माणूस शोधता येत नाही, कागद लागतो, आणि आपले जुने कागद सगळे पुरुषांच्या नावाने चालतात. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, नुसतं ‘मुलगी’ म्हणून लिहिलंय, नावाचा पत्ता नाही. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात ती असणारच नव्हती, शाळेत घातलीच नव्हती. लग्न झालं आणि आडनाव, गाव, सगळंच बदललं.

शेवटी पणजोबांचा वारस फेरफार, म्हणजे त्यांच्यामागे जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद, कामी आला. ते 1962 मध्ये गेले. त्याआधी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत हक्क मिळाला होता, म्हणून पटवाऱ्याला तिचं नाव लिहावं लागलं. तहसीलमधून नक्कल काढली. शाई पुसट झाली आहे, तरी वाचता येतं: आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ आणि त्याखाली आत्याआजी, नवऱ्याच्या नावासकट, आडनाव काळे, रा. राजनांदगाव. वंशावळ काढणारे बहुतेक जण वरवर चढत जातात. सातव्या पिढीतला पुरुष सापडला की खूश! जिवंत नातेवाईक हवे असतील तर लेकी-बहिणी कुठे दिल्या ते बघावं लागतं, आणि ज्यांच्याकडे शेती होती त्यांना ते फेरफारातच सापडतं.

गंमत म्हणजे तिचं लग्न झालं तेव्हा ती परराज्यात गेलीच नव्हती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी, राजनांदगावही त्याच राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, ते तिकडेच राहिले आणि 2000 पासून छत्तीसगडात आहेत. त्यामुळे पुढचे कागद सगळे हिंदीत. मतदार यादीत ‘काळे’ शोधून काहीच मिळेना, ‘काले’ टाकल्यावर नावं आली. यादीत नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक आणि वय असतं, त्यामुळे एका घरातली माणसं ओळीने दिसतात. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत आत्याआजी आहे, नवऱ्याच्या नावासह, वयही जुळतं. आताच्या यादीत ती नाही, पण घर तेच आणि मुलगा, सून, नातू त्याच घरात. मुलगा म्हणजे बाबा, तुमचा आतेभाऊ, तुमच्याहून थोडा लहान.

आई, तुझ्या पेटीतल्या लग्नपत्रिकांचा खूपच उपयोग झाला. तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत (1978) निमंत्रकांमध्ये ‘श्री. काळे, राजनांदगाव’ स्पष्ट छापलेलं आहे. काकांच्या 1985 च्या पत्रिकेत ते नाव नाही. मधल्या काळात काय झालं असेल ते दुसऱ्या एका फेरफारावरून कळतं. 1982 मध्ये आत्याआजीने शेतातला आपला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र करून दिलं, विनामोबदला. खाली तिचा अंगठा आहे. बाबा, तुम्ही तेव्हा तिशीत होता, तुम्हाला माहीत असणार. मी जाब विचारत नाहीये. पण तुम्ही दोघं नवरात्रात बमलेश्वरीच्या दर्शनाला डोंगरगडला किती वेळा गेलात, आणि ती तिथून गाडीने अर्ध्या तासावर होती!

काकांना सांगितलं तर म्हणाले, “काहून उकरून राहिली बाप्पा, उद्या वाटा मागतील.” हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, त्यामुळे ती भीती उगाच आहे. आणि खरं सांगू, भ्यायचं असेल तर त्यांनी भ्यावं, शेत आपल्याकडे आलं, त्यांच्याकडून गेलं.

आता मुद्द्याचं. मला त्यांना फोन करायचा नाही. अनोळखी नंबरवरून कोणी ‘मी तुमची नातेवाईक’ म्हणालं तर आजकाल माणसं फोन कापतात, आणि ते बरोबरच आहे. एकदम दारात जाऊन उभं राहणंही बरं दिसत नाही. पत्र जावं, आणि ते तुमच्या हातचं असावं, बाबा. त्या घरात तुमचं नाव कधीतरी निघालं असेल, माझं तर निघणंच शक्य नाही. हिंदीत लिहा, तिकडच्या पोरांना मराठी वाचता येत असेलच असं नाही. आधी आपली ओळख द्या: आजोबांचं नाव, गाव, तुम्ही आत्याला काय म्हणायचे, ठेठरीचंही लिहा. त्यांच्याकडून जन्मतारीख, कागदपत्र काही मागू नका. शेताचा विषय तुम्ही काढू नका, पण त्यांनी काढला तर टाळूही नका. माझा नंबर द्या आणि वाटलं तर फोन करा, नाही केला तरी राग नाही, असं लिहा. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र टाकायचं नाही, हे आपलं आधीच ठरलेलं बरं.

आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्यात काही टाकू नका. दादाला विशेष सांगा. कोणाचा पत्ता, वय असं पन्नास जणांत फिरवायचा आपल्याला काय अधिकार?

पत्रासोबत आत्याआजीचा तो अंगणातला फोटो पाठवा, पण मूळ नको, झेरॉक्सवाल्याकडून चांगली रंगीत प्रत काढून घ्या. आई, मागे कोण कोण उभं आहे त्यांची नावं तू सांग, बाबा नक्की घोळ घालतील. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवला आहे. लिहून झालं की टाकायच्या आधी मला वाचून दाखवा, दादाला मध्ये न घेता.

तुमची,
बेबी